स्वभाव खरंच मोजता येतो का? (एसएसबी, चार अक्षरं आणि माझा भाऊ)

सावनी_नाशिक
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. धाकटा भाऊ (वय २३) एसएसबीहून, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचणीहून, परत आला. ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी स्क्रीनिंगलाच बाहेर पडला. पुढच्या दोन्ही वेळा पाचही दिवस राहिला, पण शेवटी निवडलेल्यांत त्याचा चेस्ट नंबर (छातीवर लावलेला क्रमांक) पुकारला गेला नाही. त्याआधीची सीडीएसची (सैन्यात अधिकारी होण्यासाठीची) लेखी परीक्षा तो दर वेळी काढतो, पहाटे साडेचारला उठून धावतो, कशाची तक्रार म्हणून नाही. यावेळी आल्यावर बॅगसुद्धा उघडली नाही, दोन दिवस गच्चीवर बसून होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, लेखीत नापास झालो असतो तर अभ्यास वाढवला असता. पण हे तर माझ्या स्वभावालाच नाही म्हणाले. स्वभाव कुठे जाऊन वाढवायचा?"

त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात बाहेरून माणसं बोलावून सगळ्यांची ती सोळा प्रकारांवाली (मायर्स-ब्रिग्ज) स्वभावचाचणी घेतली. मला चार अक्षरं मिळाली. पहिलं अक्षर 'आय', म्हणजे अंतर्मुख. सोमवारी साहेबांनी बोलावून सांगितलं की ग्राहकांच्या भेटी आता दुसऱ्याकडे, तू आतलं रिपोर्टचं काम बघ. सात वर्षं मी ग्राहकांकडे जाते आहे. काही जण घरच्या लग्नाला बोलावतात, इतकी ओळख आहे.

रागावून लिहीत नाही, समजून घ्यायचं आहे. या दोन्ही चाचण्या एकाच जातीच्या आहेत का? माणसाचा स्वभाव असा मोजता येतो का? आणि येत असेल तर भावाच्या प्रश्नाला उत्तर काय देऊ?

चाफा
"स्वभाव कुठे जाऊन वाढवायचा" वाचून गलबललं. जाणकारांची वाट बघते आहे.

भटकभवानी
त्या सोळा प्रकारांबद्दल स्वतःचा अनुभव सांगते. मी ती चाचणी तीनदा दिली आहे आणि तिन्ही वेळा वेगळी अक्षरं आली. पहिल्या वेळी नोकरी नवी होती, दुसऱ्या वेळी बाळंतपणाची रजा संपत आली होती, तिसऱ्या वेळी टीम लीड झाले होते. प्रश्न तेच होते. "गर्दीत तुम्हाला उत्साह वाटतो का?" याचं तान्ह्या बाळाच्या आईचं उत्तर आणि टीम लीडचं उत्तर सारखं कसं येणार?

मानसी_पुणे
सावनी, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझ्या चार अक्षरांबद्दल. कार्ल युंगने १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर पुस्तक लिहिलं. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी तिथूनच लोकांच्या तोंडी आली. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकेतल्या दोघींनी त्यावरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही प्रश्नावली रचायला घेतली. दोघींचं मानसशास्त्राचं शिक्षण नव्हतं, पण जिद्द मोठी होती आणि हेतूही चांगला होता: कुणाला कुठलं काम रुचेल हे ज्याचं त्याला कळावं.

अडचण पुढची आहे. ज्यांच्याकडे या चाचणीचा वारसा आहे ती मायर्स-ब्रिग्ज फाउंडेशन स्वतःच सांगते की नोकरीला घेणं-न घेणं, काम वाटणं यासाठी ही वापरू नका. चाचणी पसंती विचारते, कुवत विचारत नाही. तुला शांत बसायला आवडतं असं तू म्हणालीस. त्यावरून तुला ग्राहकाशी बोलता येत नाही असा अर्थ काढणं म्हणजे 'मला वरणभात आवडतो' म्हणणाऱ्या माणसाला पोळ्या लाटता येत नाहीत असं ठरवण्यासारखं आहे. फाउंडेशनची ही सूचना छापून साहेबांना जरूर दाखव.

रेघोट्या
मानसीताईंच्या मुद्द्याला संख्याशास्त्राची जोड देतो.

समजा शंभर पुरुष रांगेत उभे केले आणि ठरवलं की पाच फूट पाच इंचांच्या वर 'उंच' आणि खाली 'बुटके'. बहुतेक माणसं त्या रेघेच्या आसपासच असतात. पाच फूट साडेपाचवाला 'उंच' झाला आणि साडेचारवाला 'बुटका'. दोघांत फरक एका इंचाचा. उलट साडेपाचवाला आणि सहा फूट दोन इंचवाला एकाच गटात बसले. सोळा प्रकारांत नेमकं हेच होतं, कारण अंतर्मुखता-बहिर्मुखता उंचीसारखीच सलग पसरलेली असते. मध्ये खिंड नसते. भटकभवानींची अक्षरं बदलली ती यामुळेच. ज्यांचा आकडा रेघेजवळ असतो ते जरा वाऱ्याने इकडून तिकडे जातात.

सावनीताई, तुमचा नुसता 'आय' बघू नका, आकडा किती आला ते विचारा. ५२ टक्के असेल तर त्यात काही दम नाही.

सावनी_नाशिक
रेघोट्या, आत्ताच मेल उघडून बघितला. ५४ टक्के.

रेघोट्या
मग ती रेघ तुमच्या अंगणातूनच गेली आहे.

कोकणवारा
पण मला माझं वर्णन वाचून अगदी तंतोतंत मीच वाटलो होतो! "तुम्ही वरून कठोर दिसता पण आतून हळवे आहात, तुमच्यातल्या बऱ्याच क्षमता अजून वापरल्याच गेलेल्या नाहीत." बायकोलासुद्धा पटलं.

मानसी_पुणे
@कोकणवारा, तुमचं वर्णन वाचून वर्गात दर वर्षी करते तो प्रयोग आठवला.

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. आठवड्याने प्रत्येकाला त्याचं 'खास' वर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला ० ते ५ गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग त्याने गुपित फोडलं. सगळ्यांचा मजकूर एकच होता! आणि त्यातली बरीच वाक्यं स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

मी हे मराठीतून करते. "तुम्ही माणसं जोडता, पण फार थोड्यांना मनातलं सांगता" हे वाक्य दर वर्षी हमखास लागू पडतं. गेल्या वर्षी एक मुलगी ते वाचून रडली. त्यानंतर मी आधी सगळ्यांना विश्वासात घेते, मगच कागद वाटते.

शांता_आजी
पत्रिकेवरून इथे वाद नको, पण एक सांगते. माणसांच्या स्वभावाचं वर्णन करायची हौस आपल्याकडे जुनी आहे. दासबोधाचा दुसरा दशक उघडा. पहिला समास मूर्खलक्षणांचा, पाचवा रजोगुणाचा, सहावा तमोगुणाचा, सातवा सत्त्वगुणाचा आणि दहावा पढतमूर्खाचा. माझे सासरे रोज एक समास वाचत आणि नंतर म्हणत, "यातली आज किती लागू पडली ते मोजा." मोजायची ती स्वतःची, शेजाऱ्याची नव्हे, अशी त्यांची ताकीद असे. आजच्या चाचण्या दुसऱ्याला मोजायला निघाल्या आहेत, हा मला मोठा फरक वाटतो.

मानसी_पुणे
आजी, नमस्कार. तुमचा मुद्दा उद्या वर्गात सांगणार आहे.

आणि त्यावरून आठवलं: शास्त्रज्ञांनीही सुरुवात शब्दांपासूनच केली. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द वेचले. त्यातले सुमारे ४,५०० टिकाऊ स्वभावगुणांचे. विचार असा की जो फरक माणसांना रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा वाटतो त्याला भाषेत शब्द तयार होतोच. पुढे रेमंड कॅटेलने गाळत गाळत १६ घटकांवर आणलं, आणि १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना तपासणीत वारंवार पाचच मोठे गट सापडले. आज 'बिग फाइव्ह' म्हणतात ते हेच: बहिर्मुखता, जुळवून घेणं, जबाबदारीने नेटकं काम करणं, भावनिक अस्थिरता आणि नव्याबद्दलचा मोकळेपणा. यात प्रकार नाहीत, पाच पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीवर तुम्ही कुठेतरी असता. संशोधनात आज बहुतांशी हाच साचा चालतो.

चाफा
मग मराठी शब्दांची यादी करूया ना! मी सुरुवात करते: तुसडा, आगाऊ, चेंगट, सालस, उतावळा, घुमा.

कोकणवारा
आतल्या गाठीचा, खमका, धांदरट, लोचट.

भटकभवानी
मनकवडी, कजाग, ऐदी. आणि माझी आजी एका मावशीबद्दल म्हणायची, "ती पाण्यासारखी आहे, ज्या भांड्यात ओताल त्या आकाराची."

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे 'इब्लिस' म्हंजे नुसता वाईट नाही बरं का, हुशार आणि खोडकर पोट्ट्यालेबी कौतुकानं म्हणतात.

शांता_आजी
भिडस्त राहिला.

फौजीकाका
भरतीबद्दल लिहायला उशीर झाला, क्षमस्व. सावनीताई, मी इन्फंट्रीतून निवृत्त आहे. निवड मंडळावर कधी नव्हतो, त्यामुळे आतलं मला ठाऊक नाही. पण मी स्वतः दोनदा परत आलो आणि तिसऱ्या वेळी निवडला गेलो. म्हणून तुमच्या भावाची गच्ची मला चांगली ओळखीची आहे.

इतरांसाठी थोडक्यात. पहिल्या दिवशी बुद्धिमत्तेचे प्रश्न आणि एक धूसर चित्र. चित्र ३० सेकंद दिसतं, ४ मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा. यातून राहिले ते पुढे. दुसरा दिवस मानसशास्त्राचा. टीएटीत (चित्रावरून गोष्ट लिहायची चाचणी) १२ चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं. मग ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग ६० प्रसंग ३० मिनिटांत. शेवटी स्वतःचं वर्णन: आई-वडील, शिक्षक, मित्र तुझ्याबद्दल काय म्हणतात आणि तू स्वतः काय म्हणतोस, १५ मिनिटांत. पुढे मैदानावर जीटीओकडे (गटाची कामं घेणारा अधिकारी) फळ्या-दोर-पिंपं घेऊन गटाने अडथळे पार करायचे. मध्ये मुलाखत. तिघे परीक्षक आपापल्या जागेवरून स्वतंत्रपणे तुम्हाला पाहतात आणि पाचव्या दिवशी एकत्र बसतात. आमच्या वेळी सगळे म्हणायचे, मनसा, वाचा, कर्मणा. लिहिलेलं, बोललेलं आणि केलेलं जुळतंय का एवढं पाहायचं.

या पद्धतीचं मूळ ब्रिटिशांच्या १९४२ च्या युद्धकालीन निवड मंडळांत आहे. त्याआधी अधिकारी निवडताना मुलाखत थोडकी आणि घराणं-शाळा जास्त बघत. मग नेता न नेमता गटाला काम द्यायचं आणि कोण कसा वागतो ते पाहायचं, ही कल्पना विल्फ्रेड बियॉन या मनोविकारतज्ज्ञाने आणली. आपल्याकडे १९४३ मध्ये देहरादूनला पहिलं प्रायोगिक मंडळ बसलं. शेतकऱ्याचा मुलगा अधिकारी होऊ शकला त्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. मी त्यातलाच एक.

संशयात्मा
फौजीकाकांबद्दल आदर ठेवून मतभेद नोंदवतो. टीएटी १९३५ मधली, हार्वर्डच्या मरे आणि मॉर्गन यांची. शाईच्या डागांची रोर्शाक १९२१ मधली. दोन्हींवर मानसशास्त्रज्ञांनीच कडक टीका केली आहे. एकाच गोष्टीतून दोन तपासणारे दोन निष्कर्ष काढतात. मग त्यावर एखाद्या मुलाचं भविष्य ठरवणं योग्य आहे का? आणि निर्णयाचं कारणही सांगत नाहीत. पोरगं मनाला लावून घेतं ते यामुळे.

मानसी_पुणे
@संशयात्मा, टीएटीवरच्या टीकेशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. गोष्टीवरून स्वभाव वाचायला निश्चित, सर्वांना सारखे नियम असतील तरच ती टिकते. रोर्शाकचेही दहाच पत्ते, पण अर्थ लावायच्या पद्धती इतक्या झाल्या की १९७४ मध्ये जॉन एक्सनरला त्या एकत्र बांधाव्या लागल्या. वाद तरीही मिटला नाही.

पण इथे वॉल्टर मिशेलचं नाव घ्यायला हवं. १९६८ मध्ये त्याने दाखवून दिलं की चाचणीतला गुण आणि एखाद्या प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांचा संबंध साधारण ०.३ च्या पुढे जात नाही (पूर्ण जुळलं तर १, काहीच संबंध नसेल तर ०). वर्गात प्रामाणिक असलेला मुलगा खेळात चिटिंग करू शकतो. पुष्कळांना वाटलं, संपलं, व्यक्तिमत्त्व असं काही नसतंच. मग सिमोर एपस्टाइनने १९७९ मध्ये उत्तर दिलं: एकेका प्रसंगावरून अंदाज चुकणारच, पण पुष्कळ प्रसंगांची सरासरी घ्या, ती बरीच स्थिर असते. एका डावावरून फलंदाज कळत नाही, मोसमाच्या सरासरीवरून कळतो.

म्हणून मला एसएसबीचा मैदानावरचा भाग कागदाच्या भागापेक्षा भक्कम वाटतो. तिथे बरेच प्रसंग आहेत, बघणारे एकाहून अधिक आहेत आणि बघायचं ते खरं वागणं आहे. सावनीच्या ऑफिसची चाचणी एक, तीही स्वतःच भरलेली. या दोन्ही एका पारड्यात घालू नयेत.

संशयात्मा
एपस्टाइनचा मुद्दा मान्य. पण पाच दिवस म्हणजेसुद्धा पाचच दिवस, आणि तेही परक्या गावात, परक्या पोरांमध्ये, छातीवर नंबर लावून. भिडस्त मुलगा उघडायला तेवढे पुरत नाहीत. कारण सांगावं, या माझ्या मुद्द्यावर मी ठाम आहे.

फौजीकाका
कारण सांगितलं की त्याच कारणाची शिकवणी लागते, असं मला वाटतं. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर तुमचं म्हणणं खोटं नाही. दोनदा परतताना मलाही तेच वाटलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा
मी एमएला असताना प्रश्नावल्या घेऊन गावोगाव हिंडलो आहे. दुसऱ्याने मराठीत आणलेली प्रश्नावली, भाषांतर चांगलं शुद्ध. पहिल्याच दिवशी एका साठीच्या बाईंना विचारलं, "तुम्हाला पार्टीला जायला आवडतं का?" बाई उठूनच उभ्या राहिल्या. "मी तशा घरची वाटते का तुला?" त्यांच्या लेखी पार्टी म्हणजे दारू. कागदावर गुण पडला अंतर्मुखतेकडे. पण हळदीकुंकवाला दोनशे बायका त्या एकट्या सांभाळतात, हे मला त्यांच्या सुनेने चहा देताना सांगितलं. आणखी एक प्रश्न होता, "तुम्ही अनोळखी माणसांशी सहज बोलता का?" एका काकांनी माझ्याकडेच नवलानं पाहिलं. एसटीत शेजारी बसलेल्याला गाव, पोरं, शेती विचारणार नाही असा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता.

त्या दिवसापासून माझं ठाम मत आहे: प्रश्न नुसता मराठीत आणून चालत नाही, मराठी घरात आणावा लागतो.

मानसी_पुणे
@वऱ्हाडी_ठेचा, फार मोलाचं लिहिलंत. पुणे विद्यापीठातल्या लोधी आणि सहकाऱ्यांनी पाच घटकांच्या मोठ्या प्रश्नावलीची मराठी आवृत्ती करून मराठी भाषकांवर तपासली, तो अभ्यास २००२ मध्ये पाच घटकांवरच्या आंतरराष्ट्रीय ग्रंथात आला. पण साचा सगळीकडे लागू पडतोच असं नाही. बोलिव्हियाच्या जंगलात शिकार आणि शेतीवर राहणाऱ्या त्सिमाने लोकांमधल्या ६३२ जणांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास झाला, तिथे पाच घटक निघालेच नाहीत. दोनच ठळक दिसले: लोकांच्या उपयोगी पडणं आणि कष्टाळूपणा. मला ते वाचून आपल्या खेड्यातली माणसं आठवली होती. कुणाबद्दल विचारलं की हीच दोन वाक्यं येतात, "अडीनडीला उभा राहतो" आणि "कामाला वाघ आहे".

टोरांटोकर
मी इथे एका कंपनीत माणसं नेमायचं काम करते. आम्ही चार अक्षरांची चाचणी कधीच बंद केली. पाच घटकांची घेतो, तीही शेवटच्या टप्प्यात आणि मुलाखतीत काय विचारायचं हे ठरवण्यापुरती. जबाबदारीने काम करण्याचा गुण जवळपास सगळ्याच कामांत थोडाफार उपयोगी पडतो, हे १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं. पण प्रत्यक्ष कामाचा छोटा नमुना करून घेतला की तो जास्त सांगून जातो. सावनी, तुझ्याकडे तर सात वर्षांचा नमुना आहे.

चाफा
सगळं छान चाललंय, पण सावनीच्या भावाचा प्रश्न तसाच राहिला. माझ्या आईच्या भाषेत, स्वभावाला औषध नाही. मग त्याने काय करायचं?

मानसी_पुणे
चाफा, बरं झालं आठवण केलीस.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकातला साधारण ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक असतो. म्हणजे उरलेला निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त भाग तसा नसतो. आणि २००६ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी तीच तीच माणसं वर्षानुवर्षं तपासलेले ९२ अभ्यास एकत्र केले. वय वाढतं तशी माणसं सरासरीने जास्त जबाबदार आणि मनाने स्थिर होत जातात, आणि सगळ्यात जास्त बदल वीस ते चाळीस या वर्षांत होतो. संसार, नोकरी, दुसऱ्याची जबाबदारी अंगावर पडली की माणूस घडतो, असं त्यांचं म्हणणं. तुझा भाऊ २३ वर्षांचा आहे. पाच दिवसांत मंडळाने पाहिला तो त्या वेळचा. मला तर तेवीसचं कुणी पाहिलं असतं तर शिक्षिका होईल असं वाटलंच नसतं, वर्गात उभी राहिले की आवाज फुटायचा नाही.

सावनी_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला काल रात्री धागा वाचून दाखवला. शांता आजींच्या 'भिडस्त'वर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हेच तर मी सांगत होते, पोरगा घुमा नाही, भिडस्त आहे." गटचर्चेत कुणी मध्ये बोललं की हा थांबतो. आणि थांबला की पुन्हा सुरू करत नाही.

मग त्याने सरावाची वही दाखवली. क्लासने लिहून घेतलेली, ६० शब्द आणि ६० वाक्यं. 'फेल' समोर: अपयश ही यशाची पहिली पायरी आहे. 'टीम' समोर: एकीचे बळ मोठे. 'मदर' समोर: आई हे पहिले विद्यापीठ. अक्षर सुंदर, साठातलं एकही वाक्य त्याचं नाही. मी त्याला म्हटलं, "यात तू कुठे आहेस रे?" तो बराच वेळ पानं उलटत राहिला.

फौजीकाका
पहिल्या दोन वेळा माझी वहीही अशीच होती. तिसऱ्या वेळी 'फेल' समोर मी लिहिलं होतं, "गेल्या वेळी गटात बोललो नाही, यावेळी सुरुवात मी केली." १५ सेकंदांत तेवढंच आलं.

ताई, त्याला सांगा, गटात आधी स्वतःच बोलायची सवय लावायला वर्ष पुरतं. गल्लीत गणपतीचं मंडळ असेल तर पावतीपुस्तक घेऊन दारोदार जायचं काम त्याने मागून घ्यावं. भीड तिथे जाते. आणि नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात गेला नसेल तर जरूर चौकशी करा. सीडीएसची लेखी काढलेल्या महाराष्ट्रातल्या मुलांची एसएसबीची तयारी तिथे मोफत करून घेतात.

संशयात्मा
पावतीपुस्तकाला माझं अनुमोदन. मी कॉलेजात असताना ते केलंय. तिसऱ्या दारापर्यंत पाय लटपटतात, दहाव्याला माणूस सरळ आत जाऊन बसतो.

शांता_आजी
भीड पार जाऊ देऊ नका हो. थोडी राहू दे. सैनिकांना असा अधिकारी हवाच असेल जो त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेतो.

फौजीकाका
आजी, अगदी खरं. माझे सुभेदारसाहेब असंच म्हणायचे.

सावनी_नाशिक
थोडं पुढचं कळवते.

ऑफिस: फाउंडेशनची सूचना आणि माझे ५४ टक्के साहेबांना दाखवले. त्यांनी शांतपणे वाचलं, कागद ठेवून घेतला. दोन जुने ग्राहक परत माझ्याकडे आले आहेत, बाकीच्यांचं महिनाअखेरीस बघू म्हणाले.

भाऊ: पुढच्या सीडीएसचा फॉर्म भरला. पावतीपुस्तक मागून घेतलंय, मंडळवाले खूश आहेत. आणि स्वतःचं वर्णन नव्याने लिहायला बसला, आधी मराठीत, मग इंग्रजीत करणार आहे. यावेळी त्याने आईला खरंच विचारलं की तुला माझ्याबद्दल काय वाटतं. आई भाकरी थापत होती. तिने सांगितलेलं त्याने तसंच्या तसं उतरवलंय, त्याच्या परवानगीने इथे देते:

"बोलतो कमी. पण गॅस संपला हे मला कळायच्या आत दुसरा सिलिंडर लावलेला असतो. २०१९ च्या पुरात गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडाला, तेव्हा खालच्या गल्लीतल्या आजींना पाठीवर घेऊन वर आणलं. घरी येऊन सांगितलं नाही, चिखलाची पँट धुवायला टाकली तेव्हा मला कळलं. मागून मात्र काही घेत नाही, तेवढं शिकायला हवं."

फौजीकाका
यातलं एक अक्षर बदलू नका म्हणावं. इंग्रजी करताना सिलिंडर काढून टाकेल, तो राहू द्या.